मानू या की तो आला आहे

परवा शिकवणीला येणाऱ्या एका मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, बाई, दोनचं वर्गमूळ संपतं की. पडद्यावर एक, मग दशांशचिन्ह, मग आठ-नऊ आकडे आणि त्यापुढे रिकामी पांढरी जागा. मी म्हटलं, वर्गमूळ संपत नाही गं, तुझा पडदा संपतो. त्यावर तिने विचारलं, शेवटापर्यंत कोणी जाऊन आलेलं नाही, मग तुम्हाला कसं माहीत?

प्रश्न बरोबर होता. नुसतं बघत राहून हे कळत नाही. लाख आकडे तपासले तरी त्यापुढचा आकडा आपण पाहिलेला नसतो. ते वेगळ्या वाटेने सिद्ध करावं लागतं, आणि ती वाट नववीच्या गणितात अर्ध्या पानात मावते. मी खडू उचलला, फळ्यावर ‘मानू या की’ एवढं लिहिलं आणि दरवर्षीसारखा हात थांबला. बाहेर आचोळ्याची मार्चमधली दुपार होती. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणीतरी बोंबील वाळत घातले असावेत. तो वास आला आणि मी चौदा वर्षांची झाले.

त्या वर्षी नववीच्या सहामाहीत मी गणितात जेमतेम काठावर पास झाले होते. आम्ही माणिकपूरला राहायचो. बाबा कचेरीत, आई शिवणकाम करायची. आईची धाकटी बहीण, रेजिना मावशी, पाचूबंदरला. बारावीला तिच्या गणिताच्या मार्कांची चर्चा नात्यात कित्येक वर्षं चालली होती. शिक्षिका व्हायचं म्हणत होती, पण मग बस्त्यावकाकाशी लग्न करून ती किनाऱ्यावर राहायला गेली, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. बस्त्यावकाका मोठा हसरा माणूस. आम्ही गेलो की दारातूनच ओरडायचा, आल्या शहरातल्या बाया.

आदल्या नोव्हेंबरात तो बोटीवर गेला. बोट परत आली, तो आला नाही. बरोबरचे लोक सांगत होते की संध्याकाळी तो हात धुवायला मागच्या बाजूला वाकलेला सगळ्यांनी पाहिला, आणि जाळं ओढून झाल्यावर वळून बघतात तर तिथे कोणी नाही. ओरडण्याचा आवाज नाही, पाण्याचा आवाज नाही. चार दिवस शोध चालला. काही मिळालं नाही.

देह नसला तरी मृतांसाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, ठेवता येते, असं फादर स्वतः घरी येऊन सांगून गेले होते. मावशीनेच नको म्हटलं. खात्री नसताना कोणाच्या आत्म्याला शांती मागू, असं तिचं म्हणणं. पोलिसांचा कागद म्हणत होता, बेपत्ता. वकिलाने सांगितलं होतं की सात वर्षं काहीच कळलं नाही तर तो मेला असं कायदा मानतो. तोवर मावशी बायको नव्हती आणि विधवाही नव्हती.

राखेच्या बुधवारी, आमचा उपासकाळ सुरू होतो त्या दिवशी, मिस्सा झाल्यावर आईने मला तिच्याकडे नेऊन सोडलं. परीक्षेपर्यंत राहा, मावशी गणित शिकवेल, म्हणाली. तिला सोबत होईल, हे बोलली नाही. माझ्या कपाळावर राखेचा क्रूस होता. मावशीच्याही होता. दारात आम्ही दोघी एकमेकींच्या कपाळाकडे बघत उभ्या राहिल्याचं मला आठवतं.

पाचूबंदरच्या त्या दुपारी कशा सांगू? लोक म्हणतात, भीती अंधारात असते. मला ती उन्हात भेटली. बायका मासळी घेऊन बाजाराला गेलेल्या, पुरुष समुद्रावर नाहीतर झोपलेले. बांबूंच्या दांड्यांवर बोंबील जबडे अडकवून ओळीने टांगलेले, आणि वारा सुटला की ते वाळलेल्या कागदासारखे वाजायचे. हजारो कागद कोणीतरी चाळतंय असं. उजेड इतका पांढरा की सावल्यांना कडा असायच्या. घर लहानच. पुढे ओटा, मध्ये दोन खोल्या, मागे पडवी. पडवीच्या दाराला मावशी कुलूप लावून ठेवायची. तिकडे काकाचं सामान होतं.

ओट्यावर बसून तिने मला वर्गमूळ शिकवलं. वर्गमूळ परिमेय आहे की अपरिमेय, हे आकडेमोडीने ठरवायचं नाही, म्हणाली. संख्या फोडायची आणि जोड्या लावायच्या. बहात्तर फोड. दोन, दोन, दोन, तीन, तीन. दोनाची एक जोडी, तिनाची एक जोडी. प्रत्येक जोडीतला एकेक चिन्हाच्या बाहेर येतो. एक दोन एकटा राहिला. तो आतच राहणार. एक जरी आत राहिला तरी वर्गमूळ अपरिमेय, कुठल्याच अपूर्णांकात ते मांडता यायचं नाही, आणि त्याचे दशांशही कधी संपायचे नाहीत. वर्गमुळाचं चिन्ह ती लांब काढायची, खाली अख्खं कुटुंब मावेल एवढं.

मला आयुष्यात पहिल्यांदा गणित कळलं. आठवड्याभरात मी नुसती नजर टाकून सांगू लागले. एकशे चव्वेचाळीस, परिमेय. दोनशे पंचवीस, परिमेय. दोनशे, नाही. पन्नास, नाही. मावशी हसायची. नोव्हेंबरनंतर ती हसलेली मी तेव्हाच पाहिली.

मग ती सिद्धता आली. दोनचं वर्गमूळ अपरिमेय आहे हे दाखवायचं तर आधी मानायचं की ते परिमेय आहे. एका अपूर्णांकात लिहायचं, वरच्या आणि खालच्या संख्येत काही सामाईक उरणार नाही इतका छाटून. मग पायरी पायरीने पुढे जायचं. वरची संख्या सम निघते. मग खालचीही सम निघते. म्हणजे दोघींत दोन सामाईक, आणि आपण तर सामाईक काही नाही असं मानून चाललो होतो. विसंगती. म्हणून मानलेलं खोटं.

मला ते पटेना. जे खोटं आहे हे माहीत आहे ते मानायचं कशाला, असं मी विचारलं. मावशी वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “खोटं आहे ते माहीत नसतं. वाटत असतं. त्याला आधी घरात घ्यायचं, खरं असल्यासारखं वागवायचं. खोटं असेल तर ते कुठेतरी चुकतं.”

तिने वही मिटली. बोंबील वाजत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला तिने तीन ताटं वाढली. मी तिसऱ्या ताटाकडे बघितलं तेव्हा तिने सरळ सांगितलं, जसं उदाहरण सोडवायला घ्यावं तसं. मानू या की बस्त्याव आला आहे. ताट वाढायचं, आंघोळीचं पाणी काढायचं, चपला दारात ठेवायच्या, आणि रोज जे दिसेल ते वहीत लिहायचं.

“मला आस नाय, सेलिन,” ती म्हणाली. “आस असती तर असं केलं नसतं. तो गेलाय हे मला सिद्ध करायचंय. कोन काय म्हणतं त्यावर मला मिस्सा ठेवायची नाय.”

पहिल्या दिवशी ताट तसंच राहिलं. तिने लिहिलं, जेवण तसंच. बादलीतलं पाणी गार झालं. तिने लिहिलं, पाणी तसंच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती वही उघडून बसली. डोळ्यांत पाणी नव्हतं. पण पेन कागदाला टेकेना.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते, आणि माझ्या डोक्यात एवढंच आलं की हे थांबलं पाहिजे. चौथ्या दिवशी ती नळावर गेली असताना मी त्या ताटातला तळलेला मासा खाल्ला. काटे ताटाच्या कडेला ठेवले, काका ठेवायचा तसे. संध्याकाळी बादलीतलं निम्मं पाणी मोरीत ओतलं. पुढच्या दिवशी चपलांची तोंडं बाहेरच्या दिशेला फिरवून ठेवली.

त्या चौथ्या दुपारी मावशी नळावरून परत आली, ताटाकडे बघितलं आणि खाली बसली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मांजर असेल, असं म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. तिने वही उघडली आणि शांतपणे काहीतरी लिहिलं.

त्यानंतर तिच्यात जे बदललं त्याची मला भीती वाटू लागली. ती हळू बोलायला लागली, घरात कोणी झोपलेलं असताना बोलतो तसं. कपाटातली मोरपंखी साडी काढून नेसली. माझ्याशी बोलता बोलता तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे जायची, दाराच्या चौकटीत थोडी वर, काकाच्या डोक्याच्या उंचीवर, आणि तिथे थांबायची. विसंगती शोधायला निघालेली बाई विसंगतीचं नावही काढेना. मला थांबायचं होतं. पण मी थांबले असते तर तो पुन्हा एकदा गेला असता, आणि या वेळी मी त्याला घालवला असता. म्हणून मी रोज मासा खात राहिले.

एकदा दुपारी अभ्यास करताना मागच्या पडवीतून बारीक आवाज आला. दोरा ओढल्याचा, मग लाकूड लाकडावर टेकल्याचा. पुन्हा दोरा. मी मावशीकडे पाहिलं. ती माझ्यासमोर बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. नंतर वारा आला, बोंबील वाजायला लागले आणि मी तो आवाज त्यांचाच धरला.

आता हे सांगायला हवं की आमच्या भाषेत करणी या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक गणितातला. दोनचं वर्गमूळ, तीनचं वर्गमूळ, अशा न सुटणाऱ्या मुळांना पुस्तकात करणी म्हणतात. दुसरा अर्थ सगळ्यांना माहीत आहे, आणि तो कोणी मोठ्याने बोलत नाही. शेजारची नातालबाय टोप परत करायला आली तेव्हा माझी वही ओट्यावर उघडी पडली होती. वर मोठ्या अक्षरात करणी, खाली ओळीने आकड्यांच्या डोक्यावर गळासारखी वाकडी चिन्हं. आत तिसरं ताट मांडलेलं. मावशी मोरपंखी साडीत. नातालबायने टोप तिथेच ठेवला आणि गेली.

दोन दिवसांत आमच्या शेजारच्या दांड्यांवरचे बोंबील कोणीतरी काढून लांब नेऊन टांगले. नळावर मावशी गेली की बायका गप्प व्हायच्या. शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला आम्ही गेलो तर आमच्या बाकावर तिसरं कोणी बसलं नाही. एका सकाळी उंबरठा ओला दिसला. कोणीतरी पवित्र पाणी शिंपडून गेलं होतं. रेजिना नवऱ्याला परत बोलावते आहे, असं लोक बोलत होते. मी नातालबायला पुस्तक दाखवायला गेले, हे बघा, धडा आहे, म्हणून. तिने हात मागे घेतला. पुस्तकाला शिवली नाही.

मावशीला या सगळ्याचं काही वाटत नव्हतं. तेच सर्वांत वाईट होतं.

परीक्षेला चार दिवस असताना आई आली. माणिकपूरपर्यंत बोलणं पोचलं होतं. रिक्षा बाहेर थांबवूनच ती आत आली आणि माझं दप्तर भरायला लागली. तिसरं ताट बघून दप्तर तिने तिथेच टाकलं. तिने मावशीला खांद्याला धरून हलवलं, हे काय मांडलंयस विचारलं. मावशी म्हणाली, हळू बोल. आणि त्या दोन शब्दांवर माझा बांध फुटला.

मी सगळं सांगितलं. मासा मी खाल्ला. पाणी मी ओतलं. चपला मी फिरवल्या. रोज मीच.

आई रडायला लागली. मावशी मात्र रडली नाही आणि मला रागावलीही नाही. तिने कपाटावरची वही काढली, पेन घेतलं आणि ओट्यावर माझ्यासमोर बसली. एकेक ओळ वाचून ती मला विचारत गेली, हे तू? मी हो म्हटलं की त्या ओळीवर रेघ. हे तू? रेघ. असं पानभर चाललं. तिची साडी, तिचा हळू आवाज, सगळं त्या रेघांबरोबर तिच्या अंगावरून उतरत होतं. मला ती पुन्हा माझी मावशी दिसायला लागली. चूक झालेली पायरी मुकाट्याने खोडणारी.

शेवटी तिने विचारलं, “आणि जाळं?”

मी म्हटलं, कुठलं जाळं?

तिने वही माझ्याकडे वळवली. रोजच्या नोंदीत ताट, पाणी, चपला यांच्याखाली चौथी ओळ होती. जाळं, पाच घरं. जाळं, सहा घरं. जाळं, पाच घरं. मी त्या ओळी कधी वाचल्या नव्हत्या. तिची वही उघडायची माझी हिंमतच झाली नव्हती.

मावशी उठली. पडवीचं कुलूप काढलं. मी आणि आई तिच्यामागे गेलो. भर दुपारीही तिथे गार होतं. एका खुंटीला जुनं जाळं टांगलेलं होतं, मध्ये फाटलेलं. भोक हातभर होतं, मावशी म्हणाली, रोज पाच-सहा घरं, जाळ्याचे डोळे, भरत गेले, आता वीतभर राहिलंय. भोकाच्या कडेने नवा दोरा भरलेला स्पष्ट दिसत होता, पांढरा, जुन्या हिरव्या जाळ्यात. खाली फरशीवर जाळं सांधायची लाकडी सुई पडली होती. किल्ली मावशीच्या कमरेला होती आणि पडवीला दुसरं दार नाही. मला जाळं सांधता येत नाही. मावशीलाही येत नाही, तिने मासळी विकली, जाळ्याला कधी हात लावला नाही.

आई जाळ्याजवळ गेली. तिचे आजोबा जाळी सांधताना ती लहानपणी त्यांच्यासमोर बसायची. तिने नव्या गाठींवरून बोट फिरवलं आणि काही म्हणायच्या आधी माझ्याकडे, मग मावशीकडे पाहिलं.

“रेजिना, बस्त्याव डावखुरा होता ना?”

मावशीने मान डोलावली.

“या गाठी उजव्या हाताच्या आहेत.”

मावशी पुढे झाली. तिनेही बोट फिरवलं. एक गाठ, दुसरी, तिसरी. सगळ्या एकाच अंगाला वळलेल्या. शेजारच्या जुन्या गाठी, काकाच्या हातच्या, उलट्या अंगाला. मी तिचा चेहरा बघत होते. फळ्यावर शेवटची ओळ लिहिताना माणसाचा चेहरा होतो तसा तो झाला, रिकामा आणि स्वच्छ.

“म्हणजे तो आलेला नाय,” ती म्हणाली. “तो गेला.”

एवढं म्हणून ती भिंतीला टेकली आणि तिच्या घशातून जो आवाज आला तो चार महिने आत थांबलेला होता. आईने तिला धरलं. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या आणि मी जाळ्याकडे पाठ करायची नाही म्हणून भिंतीला चिकटून उभी होते.

मग मावशीने ते सांगितलं, जे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. आदल्या पावसाळ्यानंतर, पहिल्याच फेरीला, त्या जाळ्यात एक माणूस आला होता. कधीचा बुडालेला, कुठला, कोणालाच कळलं नाही. जाळं इतकं गुंडाळलं होतं की त्याला सोडवायला बस्त्यावने सुरीने जाळं फाडलं. ते भोक त्याचं. त्या माणसाला पोलिसांनी नेलं, पुढे काही समजलं नाही. बस्त्यावने जाळं पडवीत टांगलं आणि म्हणाला, याला आता मी हात लावणार नाही, समुद्रातही नेणार नाही. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत तो स्वतः गेला.

आईने विचारलं, मग हे कोण सांधतंय? मावशी म्हणाली, ते मला ठाऊक नाय.

मी गेली बारा वर्षं ही सिद्धता शिकवते आणि दरवेळी तिथे येऊन अडते. ती एवढंच सांगते की दोनचं वर्गमूळ परिमेय नाही. ते काय आहे, हे ती सांगत नाही. आपण ज्याला दारात उभं केलं तो तो नव्हता, एवढी खात्री मिळते. दारात कोण उभं होतं, हा प्रश्न तसाच राहतो. आई आजही म्हणते की रेजिनाच झोपेत करत असणार, माणूस दुःखात काय काय शिकतो. असेल. मला मात्र ती माझ्यासमोर तांदूळ निवडत होती ती दुपार आठवते.

त्या दिवशी मावशीने पाच मिनिटांत चार कपडे घेतले, पुढचं दार ओढलं आणि आमच्याबरोबर रिक्षात बसली. जाळं तिने जाळलं नाही, फेकलं नाही. आपलं नव्हतं ते, असं नंतर एकदा म्हणाली. त्या घरात ती परत राहिली नाही. पुढच्या रविवारी तिने फादरांना जाऊन मिस्सा सांगितली. मृतांच्या नावांत त्यांनी बस्त्यावचं नाव वाचलं तेव्हा तिने डोळे मिटले, इतकंच. नातालबाय मागच्या बाकावर होती. मिस्सा संपल्यावर तिने मावशीच्या हातात झाकलेला डबा दिला. मावशीने डबा घेतला.

मला गणितात चाळीसपैकी चौतीस पडले. मावशी पुढे शिकली, बी.एड. झाली. आता ती जूचंद्रला राहते आणि एका शाळेत गणित शिकवते. फार चांगलं शिकवते असं तिची मुलं सांगतात. फक्त एक आहे. त्या धड्यातली ती एक सिद्धता ती स्वतः शिकवत नाही. दुसऱ्या बाईंना तासाला पाठवते. आणि ‘समजा’ हा शब्द तिच्या तोंडून मी तेव्हापासून ऐकलेला नाही. समजा पाऊस आला तर, समजा रिक्षा मिळाली नाही तर, असं आपण दिवसातून दहादा बोलतो. ती नाही. पाऊस येईल नाहीतर नाय येणार, एवढंच ती बोलते.

परवा ती मुलगी घरी गेल्यावर मी मावशीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झालं. तिच्या पेपर तपासण्याचं, माझ्या पाठदुखीचं. मग मी सहज म्हणून गेले, “मावशी, समजा मी रविवारी आले तर...”

पलीकडे इतकं शांत झालं की फोन तुटला असं वाटलं.

“येतेस की नाय, तेवढं सांग,” ती म्हणाली.

“येते,” मी म्हटलं.